सत्त्याऐंशी

रिकाम्या जागा भरा. प्रश्न पहिला:
पाणी ____ अंश सेल्सिअसला उकळते.
बत्तीस मुलांनी लिहिलं, शंभर.
सायवा कोल्केनं लिहिलं, सत्त्याऐंशी.
मी तांबडी फुली मारली
जरा जोरातच. कागद फाटला.

मी खालचा, सांता क्रूझच्या सपाटीवरचा.
तिकडे आंबे पिकतात, घाम वाळत नाही
आणि पाणी पुस्तकाप्रमाणे वागतं.
इथं बोलिव्हियाच्या पठारावर, चार हजार मीटरवर
बदली होऊन बारा दिवस झाले होते.
फळ्यावर ‘प्रकाशसंश्लेषण’ लिहून होईतो
मला दोनदा थांबावं लागायचं,
आणि मुलं, शहाणी, तेवढ्यात
दप्तरात काहीतरी शोधल्यासारखं करायची.

त्या रात्री घेवड्याचे दाणे तीन तास उकळले.
बुडबुडे उड्या मारत होते, दाणे खडे ते खडेच.
गॅस संपत आला. भूक होती, राग होता,
आणि पेटीत शाळेचा थर्मामीटर होता.
पारा चढला, चढला
आणि एका रेघेवर बसला
अडलेल्या गाढवासारखा.
शंभराच्या तेरा रेघा खाली.

पाण्याचा रेणू सुटू पाहतो,
वरची हवा त्याला दाबून धरते.
इथं हवेचा हातच हलका;
रेणू सुटतात लवकर, कमी तापून,
आणि दाण्यांच्या वाट्याला नुसती खळखळ.
वर्षानुवर्षं हे शिकवत होतो मी.
मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात काहीच बोललो नाही.
हेही लिहून ठेवतो.

शनिवारी सायवाच्या माळावर गेलो.
जून. इकडचा हिवाळा.
कडू जातीचे बटाटे रात्रभर उघड्यावर
गोठायला टाकलेले, चुन्यो करायला.
एक फोडला तर आत बर्फाच्या सुया.
पाणी गोठताना फुगतं, पेशी फाटतात;
मग दिवसा ऊन आलं की बटाटा
ओल्या बोळ्यासारखा मऊ.
तिची आई बासिलिया घागरा खोचून
अनवाणी तुडवत होती. पाणी वाहत होतं.
नंतर पोती ओढ्यात, काही आठवडे:
कडवट विष पाण्यात विरघळून
थोडं थोडं निघून जातं.
मी सगळं सांगितलं. पेशीभित्तिका, विद्राव्यता.
बासिलियानं शांतपणे ऐकलं,
आयमारात काही म्हणाली.
सायवा हसली. ‘आई म्हणते,
सरांचे पाय गारठले असतील, तुडवा की.’

तुडवले. दहा मिनिटांत धाप लागली.
पहिल्या दिवशी दोन मिनिटांत लागली असती.
म्हणजे आत कुठंतरी
मूत्रपिंडांनी हाडांतल्या मगजाला
निरोप धाडला होता:
माणूस उंचावर राहायला आलाय,
तांबड्या पेशी वाढवा.
मला न विचारता. मी ‘राहणार’ म्हणालो नसतानाही.

दगडावर बसून विचारलं,
सत्त्याऐंशी कुठून आणलंस?
‘पाचवीत मोजलं होतं, सर.
बाई म्हणाल्या, बरोबर आहे,
पण परीक्षेत शंभर लिही.
पेपर वरून येतात.’
इथून वर काय असणार, मनात आलं.
मग माझ्या पेपरात का नाही लिहिलंस शंभर?
तिनं नखातली माती काढली.
‘तुम्ही नुसतं पाणी लिहिलं होतं.
कुठलं, ते लिहिलं नव्हतं.’

तांबडी शाई खोडता येत नाही.
फाटल्या जागी मागून चिकटपट्टी लावली,
शेजारी एक गुण मांडला
आणि प्रश्नात आणखी एक जागा रिकामी केली:
____ येथे पाणी ____ अंशांना उकळते.

घेवडा अजून शिजत नाही.
बहिणीला निरोप दिलाय,
ट्रकवाल्याबरोबर प्रेशर कुकर पाठव.
तिला अजून कळलेलं नाही,
भांड्यात एवढं काय कोंडायचंय मला.